बावीस वावांखालचं लोखंड

मांद्रोन पाणबुड्या होता आणि बढाईखोर होता. आमच्या फोकाया शहराच्या बंदरात या दोन्ही गोष्टी शेंबड्या पोरालाही ठाऊक होत्या. समुद्राच्या तळाशी खडकांना धरून वाढणारे स्पंज विळ्याने कापून वर आणायचे, हा त्याचा धंदा. कमरेला दोर, हातात चपटा जड दगड आणि तोंडात ऑलिव्हच्या तेलाची चूळ, एवढ्या सामानावर तो बारा-चौदा वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेल्या बारा-चौदा लांबी, खाली जायचा आणि हसत वर यायचा. तेल अशासाठी की तळाशी पोचल्यावर ते थोडं थोडं सोडलं की डोळ्यांपुढचं थरथरणारं पाणी जरा निवळतं. त्याची बायको थेआनो म्हणायची, तळाचं मला माहीत नाही, पण त्या तेलामुळे दिवसातून घटकाभर याचं तोंड बंद राहतं, तेवढंच पुरे.

बाकीच्या वेळी ते बंद नसायचं. खडकांवर ऊन खात पडलेले सील बुडी मारायला माझ्याकडून शिकले, असं तो परगावच्या खलाशांना सांगायचा. एखाद्या भाबड्या खलाशाने ते खरं धरलं, की दोन दिवस मांद्रोनच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्याची जन्माची खोड, आणि त्या खोडीनेच त्याला एके दिवशी बावीस वाव पाण्याखाली नेलं.

झालं ते असं. पूर्वेकडून आलेल्या मीडांची फौज आमच्या तटाखाली येऊन बसली, तेव्हा आम्ही फोकायावाल्यांनी ठरवलं की गुडघे टेकण्यापेक्षा गाव सोडलेलं बरं. पन्नास वल्ह्यांची जहाजं पाण्यात उतरवली. त्यांत बायका, पोरं, देवळातल्या मूर्ती, भांडीकुंडी, खारवलेल्या माशांचे रांजण असं सगळं चढवलं. शहराच्या मुख्य चुलीतली आग झाकणाच्या मडक्यात राखेखाली जपून सगळ्यात पुढच्या जहाजावर ठेवली. पश्चिमेला दूर कुठेतरी एक बेट होतं, तिथे नवं गाव वसवायचं होतं. आणि कुणाचं मन मागे फिरू नये म्हणून आम्ही शपथ घेतली. दोघांनी मिळून उचलावा लागे असा लोखंडाचा गोळा आणला, त्याला आरपार भोक होतं. पंचांतला सगळ्यात वयस्कर हेगेसिआस, त्याने शपथेचे शब्द बांधले होते. हे लोखंड समुद्रातून वर येईल तेव्हाच आम्ही या गावात परत येऊ. त्याआधी जो परतेल त्याच्या चुलीला शाप लागो.

गोळा कुठे टाकायचा हे ठरवायला हेगेसिआसने मांद्रोनला विचारलं. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर मांद्रोनला चेव आला. जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून त्याने बंदराबाहेरच्या जोडखडकांच्या पलीकडची खोल पाण्याची काळी धार दाखवली आणि छाती फुगवून म्हणाला, "इथं टाका. बावीस वाव आहे. इथून मलाही काही काढता येत नाही, मग बाकीच्यांची काय कथा."

टाकला. पाणी उडालं, मिटलं. आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त जहाजं मागे वळली. हुकूम कुणी दिला नाही. एका जहाजाची वल्ही मंदावली, मग दुसऱ्याची. कुणाला आपलं अंजिराचं झाड आठवलं, कुणाला विहिरीची पायरी, आणि मोठमोठे दाढीवाले बाप्ये वल्ह्यावर डोकं टेकून रडायला लागले. मांद्रोनही रडला, थेआनोही रडली. मांद्रोनची आई मिरिन्ना पुढच्या जहाजात होती. ते जहाज वळलं नाही. शहराची आगही त्याच तांड्याबरोबर गेली.

परत आलो तर मीडांनी काही आम्हाला कच्चं खाल्लं नाही. घरं जागेवर होती. अंजिरं गळून पडली होती, तीही जागेवरच. पण शाप आपणच उच्चारलेला; आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? आमच्यात मूल झालं की सातव्या दिवशी बाप त्याला उराशी धरून चुलीभोवती धावत तीन फेऱ्या घालतो आणि नाव पुकारतो. जमलेली माणसं ते नाव मोठ्याने परत म्हणतात. मग ते लेकरू घराचं झालं, गावाचं झालं. आता चुली पेटत होत्या, पण ती आग पोटापुरती. तिच्यावर सातूची भाकरी भाजायची, तिच्याभोवती लेकरू फिरवायचं नाही. हेगेसिआसही परतलेल्यांतच होता, खाली मान घालून. त्याने सांगितलं, शापाच्या चुलीभोवती पोर फिरवाल तर शाप पोराला चिकटेल. कुणाची छाती होणार?

म्हणून चार वर्षांत धक्क्यावर अकरा पोरं झाली आणि एकालाही नाव नव्हतं. लाडाचं नावसुद्धा कुणी ठेवायचं नाही, कारण लाडाचं नाव चिकटतं. थेआनो दारातून "ए पोरी" अशी हाक मारायची तेव्हा चार पोरी वळून बघायच्या, आणि जेवायला बोलावलं असेल या आशेने चौघीही यायच्या. लोक हसायचे. हसून हसून डोळे पुसायचे.

मांद्रोनची पोर तीन वर्षांची होती आणि बापाच्या वर ताण तोंडाळ. तिने मांजराला नाव दिलं होतं, शेजारच्या बोकडाला दिलं होतं, दारापुढच्या पायरीच्या दगडालाही दिलं होतं. सगळ्यांना नावानिशी हाका मारून झाल्या की बापाच्या गुडघ्यावर चढून विचारायची, "आणि मी?" एवढा बोलघेवडा माणूस, पण हे दोन शब्द ऐकले की उठून उभा राहायचा. तो तिला पाठुंगळीला घेऊन पाण्यावर जायचा.

त्या वर्षीच्या थंडीत दामासचा मुलगा तापाने गेला. दामास हा थेआनोचा भाऊ, मांद्रोनचा मेव्हणा. मांद्रोन बुडी मारायचा तेव्हा होडीत बसून त्याचा दोर धरायचा तो हाच. परतल्यानंतर गावात पहिलं जन्मलेलं लेकरू दामासचं होतं. चार वर्षांचं झालं होतं, गुटगुटीत, वल्ह्याशी खेळणारं. मयताभोवती बायका केस सोडून बसल्या. आमच्याकडे रडणाऱ्या बाया मेलेल्याचं नाव घेऊन टाहो फोडतात, म्हणजे खाली गेलेल्याला कळतं की हे रडणं आपल्यासाठी आहे. दामासच्या बायकोने तोंड उघडलं आणि तिला काही म्हणताच येईना. नुसतं "माझ्या, माझ्या," एवढंच. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून गप्प बसल्या. असं मुकं मयत फोकायात कधी झालं नव्हतं.

मांद्रोन भिंतीला टेकून उभा होता. पोरगी त्याच्या कडेवर होती आणि तिला ताप नव्हता, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, मी ते लोखंड काढतो. लोकांना आधी ती नेहमीची बढाई वाटली. कुणी म्हणालं, सीलला पाठव की, तुझाच शिष्य आहे. कुणी म्हणालं, तूच बोलला होतास ना, मलाही काढता येत नाही म्हणून? मांद्रोन एरवी एकाला दहा उत्तरं देणारा. त्या दिवशी तो म्हणाला, हो, बोललो होतो, आणि खाली बघत राहिला. मग मात्र कुणी हसलं नाही.

हेगेसिआस काठी टेकत पुढे आला. देवांना फसवतोस का, म्हणून त्याने विचारलं.

"फसवायचं असतं तर दुसरा गोळा घेऊन चिखलात बुडवून आणला असता, म्हातारबाबा," मांद्रोन म्हणाला. "तुला तरी ओळखू आला असता का? जो टाकला तोच आणतो. देवांना त्याची किंमत हवी असेल तर खाली मी एकटाच असेन, त्यांनी तिथेच मागावी."

म्हाताऱ्याने काठी उचलली. "आण तर खरं, पोरा. मग बघू," असं म्हणून तो वळला.

घरी थेआनोने भांडी आपटली. नवऱ्याच्या कुळाचा, बंदराचा, त्याच्या जिभेचा असा एकेकाचा उद्धार करून झाल्यावर ती चुलीपाशी मटकन बसली. "नाव नसलं तरी पोर जगेल," ती म्हणाली. "बाप नसला तर काय करायचं ते तू सांग."

मांद्रोनने कमरेचा दोर तपासायला घेतला. रात्री तो जेवला नाही, कारण रिकाम्या पोटीच खोल जाता येतं. सकाळी तेलाची कुपी शोधायला लागला तर ती दारातच ठेवलेली. थेआनोने काठोकाठ भरून ठेवली होती आणि ती तोंड फिरवून पीठ मळत होती.

पहिल्या दिवशी तो अठरा वावांवरून परत आला. कान फाटतील असं झालं आणि त्याने दोराला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे ओढ. मग होडीतल्याने कारण विचारायचं नाही, ओढायचं. दुसऱ्या दिवशी तळ गाठला, पण तेल सोडलं तरी गोळा दिसेना, आणि वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. दामास म्हणाला, "पुरे झालं, दाजी. माझं गेलं ते गेलं. तुझी आहे ती सांभाळ." मांद्रोनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उद्या लवकर ये म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. किनाऱ्यावर गाव गोळा झालं होतं. मांद्रोनने दोन दोर घेतले. एक नेहमीचा, कमरेला. दुसरा जाड, त्याचं टोक हाताशी गुंडाळलेलं. तो लोखंडाला बांधायचा. दगड उराशी धरला, तेलाची चूळ भरली आणि गेला.

खाली जाताना आधी हिरवं, मग निळं, मग काळं. कानात सुया घुसल्या, मग काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि दुखणं एकदम थांबलं. ते थांबल्याचीच त्याला जास्त भीती वाटली. पाय वाळूला लागले. त्याने थोडं तेल सोडलं. समोर गवत, मग खडक, मग पुन्हा गवत. आणखी सोडलं. आणि खडकाच्या बुडाशी, शिंपल्यांनी मढलेला, गंजून फुगलेला तो गोळा दिसला. चार वर्षं सगळ्या गावाच्या उरावर बसलेलं ते धूड बघितल्यावर त्याला आधी रागच आला. वाळू उकरून भोक मोकळं केलं आणि जाड दोर ओवायला हात पुढे केला, तर दोर पुरेना. वर प्रवाहाने होडी सरकली होती आणि दोर ताणून हातभर आखूड पडला होता.

छातीत आग पेटली होती. वर जाऊन पुन्हा येणं आता या जन्मी होणार नाही, हे त्याला कळत होतं. मधे हातभर अंतर, आणि त्या अंतरात त्याला लेक नावाशिवाय म्हातारी होताना दिसली. त्याने जाड दोर सोडून दिला. कमरेच्या दोराला अजून ढील होती. पाणबुड्याचा बाप पोराला पहिल्या दिवशी शिकवतो, जीव सोड पण कमरेचा दोर सोडू नको. मांद्रोनने तो सोडला, भोकातून ओवला, दोन गाठी मारल्या, आणि हिसके दिले. एक, दोन.

होडीत दामासने ओढायला घेतलं. जिवंत माणूस ओढताना दोरात त्याची हालचाल कळते. हे नुसतं वजन होतं. तरी नियम तो नियम. तो रडत, शिव्या देत ओढत राहिला. आठ वाव दोर वर आला असेल तोच होडीच्या दुसऱ्या अंगाला पाणी फुटलं आणि मांद्रोनचं डोकं वर आलं. डोळे लाल, नाकातोंडातून, दोन्ही कानांतून रक्त. दामास दोर सोडून त्याला धरायला धावणार, तेवढ्यात मांद्रोनने काठाला हात घातला आणि ओरडला, "दोर सोडशील तर याद राख!"

दामासने दोर सोडला नाही. पण एकट्याला ते झेपेना. मग दुसरी होडी आली, मग तिसरी. दोराचं टोक होडीवरून होडीवर देत धक्क्यापर्यंत आणलं. तिथे माणसांनी धरलं, मग बायकांनी धरलं. थेआनोने पिठाच्या हातांनी धरलं. ज्यांनी ज्यांनी शपथ घेतली आणि मोडली होती ते सगळे त्या एका दोराला लागले. हेगेसिआस बाजूला उभा होता. त्याने काठी टाकली, रांगेच्या शेवटी गेला आणि सुरकुतलेल्या दोन्ही हातांनी दोर धरला. त्याच्या ओढण्याने काय होणार होतं म्हणा. पण गोळा धक्क्यावर आला आणि पाण्याचे लोट टाकत सगळ्यांसमोर पडला.

सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते. त्याने गोळ्यावरचे शिंपले नखाने खरवडले, भोक चाचपलं.

"तोच आहे," तो म्हणाला. "शब्द मी बांधले होते. माणसं परत येतील असं माझ्या मनातही नव्हतं. आणि गाव सोडल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याच जहाजात सगळ्यांत आधी मी रडलो." मग त्याने मोठ्याने सांगितलं, "लोखंड वर आलंय. आपण घरी आलोय."

त्याच दुपारी त्याने शहराच्या चुलीवर लाकडावर लाकूड घासून नवी आग काढली. हात थकले की दुसऱ्याने घासायचं, धूर आला की पुन्हा त्याने. आग धरली तेव्हा बापांनी आपापली पोरं आणली. सात दिवसांची पोरं उचलायची रीत, आणि इथे तीन-तीन वर्षांची धटिंगणं बापांच्या हातून निसटून पळत होती. जन्माच्या क्रमाने यायचं, असं हेगेसिआस म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याची जीभ अडखळली. पहिला मान दामासचा होता.

दामास गर्दीतून पुढे आला. त्याने दोन्ही हात उराशी घेतले, लेकरू धरावं तसे, आणि चुलीभोवती धावला. एक फेरी, दोन, तीन. मग थांबून आपल्या बापाचं नाव त्याने पुकारलं, "थेरोन! दामासचा मुलगा थेरोन!" आणि सगळ्या गावाने ते नाव परत दिलं. त्याची बायको खाली बसली आणि तिने पहिल्यांदा मुलाचं नाव घेऊन टाहो फोडला. कुणी तिला अडवलं नाही. बायका तिच्याभोवती बसल्या आणि तिच्याबरोबर रडल्या, थेरोन, थेरोन म्हणत, मोकळ्या गळ्याने.

मांद्रोनची पाळी आली तेव्हा थेआनो म्हणाली, जमेल का. त्याला ते ऐकू आलं नाही. खालून आल्यापासून त्याला काहीच नीट ऐकू येत नव्हतं, पण हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट न सांगता ठेवली होती. त्याने पोरीला उचललं. ती जड होती आणि हसून हसून लाथा झाडत होती. दुसऱ्या फेरीला त्याचा तोल गेला, पण दामासने मागून सावरलं. तिसरी फेरी पुरी करून त्याने दम घेतला आणि पश्चिमेला गेलेल्या आपल्या आईचं नाव पुकारलं, "मिरिन्ना! मांद्रोनची मुलगी मिरिन्ना!"

लोकांनी ते नाव गर्जून परत दिलं. मांद्रोन सगळ्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा बघून थेआनोला कळलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला. पोरीला मात्र एवढंच कळलं की बाप आपल्याकडे बघत नाही. तिने त्याची दाढी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि काहीतरी सांगायला लागली. त्याने बोटाने खूण केली, इकडे, या डाव्या कानात. तिने दोन्ही हातांनी कान धरला, तोंड अगदी आत घातलं आणि जीव खाऊन ओरडली, "मी मिरिन्ना!"

फार लांबून आलं, पण आलं. मांद्रोन तिला घट्ट धरून खाली बसला.

"परत सांग," तो म्हणाला.